अकरावा पेला

देऊळघाट, ८ ऑक्टोबर १९३७

शेषराव भाऊजी,

वहिनीचा आशीर्वाद घ्या आणि मग कान पुढे करा, कारण तो पिळायचा आहे.

तुमचं पत्र सोमवारी आलं. बुलढाण्याहून टपालवाला आला की अर्धी आळी आपल्या ओसरीवर येऊन बसते. तुम्ही फळबागांचं शिक्षण घ्यायला विलायतेला गेलात त्याला वर्ष झालं, आणि वर्षभर तुमची पत्रं मीच वाचून दाखवते आहे. तुमच्या दादांना वाचता येतं, पण त्यांच्या तोंडून लग्नपत्रिकासुद्धा कोर्टाच्या समन्सासारखी ऐकू येते. म्हणून हे काम माझ्याकडे. सासूबाई खांबाला टेकून, तुमची कोकिळा दाराआड, बाकीचे जागा मिळेल तिथे. मी घसा साफ केला, वाचायला लागले आणि दुसऱ्याच पानावर ठेचकाळले.

भाऊजी, तुम्ही दारू चाखलीत हो?

आधीचं सगळं मी चढ्या आवाजात वाचलं. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचा तो द्राक्षमळा, मांडव नाही, कमरेएवढ्या बुटक्या वेली, काळ्या दगडाचे बांध घालून डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी थेट समुद्रापर्यंत उतरवलेला. सासूबाईंनी विचारलं, “समुद्र निळा लिवला त्यानं. पान्याले निळा रंग कोन देते वो बाई?” मी आयुष्यात लोणारच्या तळ्यापलीकडे मोठं पाणी पाहिलेलं नाही. म्हटलं, लोणारसारखंच असेल, फक्त वास नसेल. त्यांचं समाधान झालं.

मग आली ती ओळ. मळ्याच्या मालकानं तळघरात नेलं आणि अकरा पिंपांतली दारू अकरा पेल्यांतून चाखवली: रंग बघायचा, वास घ्यायचा, तोंडात घोळवायचं आणि थुंकायचं. मी डोळ्याचं पातं लवू न देता ‘द्राक्षाचा रस’ असं वाचलं, थुंकण्याचं गाळलं. कुणीतरी म्हणालं, “अकरा पेले? पोट नाही दुखलं पोराचं?” सगळे हसले. मीही हसले.

हसण्यावारी नेऊ नका. जळगाव जामोदचे तुमचे सासरे कसले आहेत ते मी तुम्हाला सांगायला नको. उकंडरावांनी महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला, जिथे दारू शिवली तिथलं पाणी त्यांना चालत नाही. लग्नाच्या बोलणीत हुंडा, मानपान, कशाचाही हट्ट धरला नाही त्यांनी. एकच वचन मागितलं. जावयानं दारू तोंडाला लावली तर लेक परत नेईन. तुम्ही मान हलवलीत, मी तिथेच उभी होते. तेव्हा तुमचा संसार सध्या माझ्या जिभेवर आहे, एवढं ध्यानात ठेवा.

काळजी करू नका, मी आहे. पण मला एकटीला तरी खरं सांगाल की नाही? एका वेगळ्या कागदावर सगळं लिहा. चव कशी असते, ओतून कोण देत होतं, सगळे पेले तुम्ही खरंच थुंकलेत की एखादा पोटात गेला? चूल आणि गोठा यांपलीकडे मी काही पाहिलं नाही हो. दिराकडून एवढी गंमत मागायचा वहिनीला हक्क आहे.

मार्चमध्ये परत येऊन नागपूरच्या सरकारी बागेत नोकरी धरणार आणि कोकिळेला घेऊन जाणार, हे तुम्ही लिहिलेलं मी दोनदा वाचलं. तिला अक्षर येत नाही, पण ऐकलेलं सगळं पाठ होतं. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना म्हणते, “बाई, नागपूरले जवारी आपल्यासारखी भेटते का वो?”

गेल्या पंधरवड्यात अविधवा नवमीला मी अंबूच्या नावानं सवाष्ण जेवू घातली. माझी धाकटी बहीण. तुम्हाला आठवत असेल, देऊळगाव राजाला आमच्या घरी तुम्ही तिला पाहायला आला होतात. पुरण छान झालं होतं.

तुमची वहिनी,
मनकर्णा

*

देऊळघाट, २६ नोव्हेंबर १९३७

भाऊजी,

काय लिहू? उकंडराव कोकिळेला घेऊन गेले.

झालं ते जसंच्या तसं सांगते. दिवाळीत लेकीला नेता आलं नाही म्हणून ते परवा आले होते, आठ दिवसांसाठी माहेरी न्यायला. कोकिळेनं गाठोडं बांधलं होतं. ते ओसरीवर बसलेले आणि नेमका टपालवाला आला. तुमचे दादा कापसाच्या गाड्यांबरोबर मलकापूरला गेलेले. मी पाकीट पदराखाली घेतलं, तर म्हणाले, “वाचा ना बाई. जावाई काय म्हनून राह्यले, आमालेबी आयकू द्या.” मी म्हटलं, जेवणं होऊ द्या. म्हणाले, “कागद आला तवाच वाचाव.”

पहिला कागद वाचला. द्राक्षाच्या वेलीची कलमं, औषधाची फवारणी, सगळं गोड गोड. मग त्यांनी विचारलं, “अन् थो दुसरा कागद कायचा होय?” मी म्हटलं, माझा आहे, घरगुती. ते उठले, माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, “तुमाले श्रीचक्रधराची आन हाय, बाई. लिवलं तसं वाचा.” आता सांगा, मी काय करणार होते?

वाचलं.

तुम्ही लिहिलं होतं की पेला तिरपा करून आधी रंग पाहायचा, मग वास घ्यायचा, मग घोट तोंडात घोळवायचा आणि लाकडाच्या भुशाच्या टोपल्यात थुंकायचा. दहा पेले तुम्ही असे थुंकलेत. उकंडराव डोळे मिटून ऐकत होते. सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला होता. उकंडरावांनी विचारलं, “थुकली म्हन्ता? सबन थुकली?” मी म्हटलं, तसं लिहिलंय. तर भाऊजी, त्या म्हाताऱ्यानं मोठा श्वास सोडला. म्हणाला, “थुकली तं पोटात नाही गेली. तोंड बाटलं, मानूस नाही बाटला. आल्यावर गुळन्या करवून घेईन म्या त्याईच्याकून.” सासूबाई रडायलाच लागल्या आनंदानं. दाराआड कोकिळेच्या बांगड्या वाजल्या.

आणि खाली अजून चार ओळी होत्या. ‘अकरावा पेला मात्र थुंकवला नाही, वहिनी. तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगतो.’ काचेच्या बरण्यांतून गच्चीवर वर्षानुवर्षं उन्हात ठेवलेली, मधासारखी, आक्रोडाच्या वासाची. मालकाच्या मुलीनं ओतून दिली, समोर समुद्र होता, आणि तुम्ही ती गिळलीत. वर अर्धा पेला मागून घेतलात.

मी तिथे थांबायला हवं होतं. थांबले नाही. शपथ घातली होती ना.

त्यांनी हातातल्या गडव्यातलं पाणी अंगणात ओतलं. म्हणाले, “चाल पोरी. गाठोडं बांधेलच हाय.” सासूबाईंनी त्यांचे पाय धरले. “इवाईबुवा, लेकरू हाय, चुकलं त्याचं.” ते म्हणाले, “मंग मले वचन काऊन देल्लं व्हतं?” रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. कोकिळा उंबऱ्यापाशी घोटाळली, माझ्याकडे पाहिलं आणि बापाच्या मागोमाग गेली. तुमचे दादा रात्री आले तर घरात चूल पेटलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी ते जळगाव जामोदला गेले. त्यांना दारात उभं केलं नाही. आता म्हणतात, शेषा येईल तेव्हा त्याचं तो निस्तरील.

पण वाट आहे. त्या घरी कुणाला वाचता येत नाही. उकंडराव पोथी ऐकतात, वाचत नाहीत. तुम्ही कोकिळेला पत्र लिहा, माझ्या नावावर पाठवा. बाईमाणसाला ते अडवणार नाहीत, मी स्वतः जाऊन तिला वाचून दाखवीन. मनात असेल ते लिहा, क्षमा मागा. आणि एक वेगळा कागद लिहा, म्हाताऱ्यासाठी. त्यात दारूचं नाव नको, कोर्टाची धमकी नको. एवढंच की, ‘माझी पत्नी कोकिळा हिला जे योग्य वाटेल ते तिनं करावं, त्याला माझी राजीखुशीनं संमती आहे, माझी आडकाठी नाही.’ खाली पूर्ण नाव, सही, तारीख. मालकी न सांगणारा जावई पाहिला की त्याचं मन पाघळेल. हट्टी माणसाला असंच वळवतात.

माझ्यावर विश्वास ठेवा. या घरात तुमचं वाचणारी मी एकटीच आहे.

मनकर्णा

*

देऊळघाट, १६ जानेवारी १९३८

भाऊजी,

थोडक्यात लिहिते, संक्रांतीच्या पाहुण्या अजून घरात आहेत.

दोन्ही कागद पोचले. दुसऱ्याच दिवशी मोटारीनं जळगाव जामोद गाठलं. हाडं खिळखिळी झाली, पण गेले. कोकिळेला मागच्या अंगणात नेऊन तुमचं पत्र वाचून दाखवलं. तुमचा संमतीचा कागद उकंडरावांच्या हाती दिला. कुणाकडून तरी वाचून घेतला त्यांनी, घडी घालून पागोट्यात खोवला आणि म्हणाले, “सई सोताची हाय ना त्याची? मंग झालं.” माझ्याशी तरी नीट बोलले. हे थोडं नाही.

तुम्ही तिकडून तिला सरळ तार करायचं म्हणता, ते करू नका. खेड्यात तार आली की माणसं आधी रडायला बसतात. आणि दादांनाही या भानगडीत ओढू नका. वाटेवर आलेलं बिनसेल.

ती वाळली आहे, पण चेहरा शांत आहे. बापाबरोबर मठात पोथी ऐकायला जाते. तिथल्या तपस्विनींमध्ये तिला बरं वाटतं म्हणे. जाऊ दे. मन रमतंय तर रमू दे.

तीळगूळ घ्या.

मनकर्णा

*

देऊळघाट, २८ फेब्रुवारी १९३८
(मुंबईस, बोटीच्या आगमनापर्यंत राखून ठेवण्यासाठी)

शेषराव,

बोटीवरून उतरताच हे तुमच्या हाती पडावं म्हणून मुंबईच्या पत्त्यावर टाकते आहे. आशीर्वाद लिहीत नाही, म्हणजे खोटं एक वाक्य तरी कमी होईल.

बारा दिवसांपूर्वी कोकिळेनं संन्यास घेतला. महानुभावांत बायकांनाही दीक्षा देतात. डोकं भादरलं, काळं वस्त्र नेसली, आणि त्याच दिवशी चार तपस्विनींबरोबर अटनाला निघून गेली. आता ती गावोगाव भिक्षा मागेल, एका गावी फार दिवस राहणार नाही. कुठे आहे हे बापालाही सांगत नाहीत. तो विचारतही नाही.

महंत भला माणूस होता. नवरा जिवंत असलेल्या बाईला दीक्षा द्यायला तो तयार नव्हता, तीन वेळा परत पाठवलं. मग उकंडरावांनी पागोट्यातून तुमचा कागद काढला. ‘तिला जे योग्य वाटेल ते तिनं करावं, माझी राजीखुशीनं संमती आहे.’ महंतानं तो दोनदा वाचला आणि म्हणाला, एवढं स्वच्छ तर कुणी लिहून देत नाही. मी तिथेच बसले होते. मला तुमच्या अक्षराचं कौतुक वाटलं.

आता विचाराल, का?

पाच वर्षांपूर्वी तुम्ही बायको शोधायला निघालात. एका हंगामात सात मुली पाहिल्यात. माझ्या बापाचं घर सहावं. मास्तर माणूस, त्यानं उसने पाट मागून आणले होते. अंबूनं हातानं वळलेल्या शेवयांची खीर तुम्ही दोन वाट्या खाल्लीत. तिला उभं केलंत, चालायला लावलंत, वाचायला लावलंत, उजेडात बसवून तोंड पाहिलंत. सासूबाईंना पसंत होती. वाटेत गाडीत तुम्ही म्हणालात, रंग फार दबलेला आहे. मी त्याच गाडीत होते. माझ्याकडे पाहून हसलातही, वहिनी रागावू नका म्हणून. तो निरोप माझ्या बापाला मलाच लिहायला लावलात, कारण घरात अक्षर माझं चांगलं.

पोर नाकारली गेल्याची बोंब झाली. त्यानंतर तिला पाहायला कुणी आलं नाही. शेवटी मेहकरकडच्या पन्नाशीच्या बिजवराला दिली. दुसऱ्या बाळंतपणात गेली. तेव्हा तुम्ही मला भेटायला आलात, म्हणालात, वाईट झालं, चांगली मुलगी होती. आणि चहा मागितलात.

तुमचं ते द्राक्षमळ्याचं पत्र आलं, रंग बघायचा, वास घ्यायचा, तोंडात घोळवायचं आणि थुंकायचं, तेव्हा ओसरीभर माणसांत मला पाटावर बसवलेली अंबू दिसली. दिवसभर मला दुसरं काही सुचलं नाही. तुम्हाला यात तुमचं काही दिसलंच नव्हतं. तुम्ही आपलं समुद्राचं वर्णन करत होतात. त्या दिवशी मी ठरवलं.

कोकिळेला नेलं त्या दिवशी ओसरीवर मी पाकीट लपवलं नव्हतं. उकंडरावांना दिसेल असंच पदराखाली घेतलं. ते येणार हे मला माहीत होतं, आणि तुमचं पत्र त्याआधी दोन दिवस येऊन माझ्या पेटीत पडलेलं होतं. टपालवाल्यानं त्या दिवशी आणली ती दादांची कापसाच्या जिनिंगची चिठ्ठी होती.

तुम्ही मला दुष्ट म्हणाल. आहे. पण कोकिळेचं काय चुकलं होतं, असं विचारू नका. ते मी स्वतःला रोज विचारते. काही चुकलं नव्हतं तिचं. पोर माझ्या हाताखाली चार वर्षं राबली, माझे पाय चेपले, मला आईच्या जागी मानलं. मला तिची दया येते, झोप येत नाही. तरी पुन्हा वेळ आली तर मी हेच करीन. तुम्हाला लागेल असं तुमच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

घरात आता सगळे तुम्हालाच दोष देतात. दादा म्हणतात, “शेष्यानं सई करून बायको सोडली.” तुमचं नाव निघालं की ते उठून गोठ्यात जातात. सासूबाई दिवसभर जप करतात. हे पत्र त्यांना खुशाल दाखवा. मी नाही म्हणणार नाही. मला घराबाहेर काढतील, काढू देत. देऊळगावला बापाची एक खोली आहे, तिथे मुलींची शाळा घालीन, त्यांना वाचायला शिकवीन.

आता एकच राहिलं.

संक्रांतीला मी कोकिळेला मागच्या अंगणात बसवून तुमचं पत्र वाचलं, ते तुम्ही लिहिलेलं नव्हतं. मी वाचलं की, तुम्ही तिकडेच राहणार, तो मळा सांभाळणार, मालकाच्या मुलीशी लग्न ठरलं आहे आणि कोकिळेनं आपली वेगळी वाट धरावी. ती रडली नाही. म्हणाली, “माह्यं नाव लिवलं ते कुठीसा हाय, दाखवा बाई.” मी बोट ठेवलं. तिनं त्यावरून हळूच बोट फिरवलं. मग कागद मागितला. मी दिला, पण बजावलं, ही तुझी आणि तुझ्या बापाची लाज आहे, जन्मात कुणाला वाचायला देऊ नकोस. तिनं मान डोलावली आणि तो चोळीत ठेवला. महिनाभर तिनं तो तसाच जवळ बाळगला. गावात वाचणारी वीस माणसं होती, एकालाही दाखवला नाही.

दीक्षेच्या दिवशी जवळचं सगळं सोडावं लागतं. केस काढायला बसण्याआधी तिनं मला बाजूला बोलावलं, कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “बाई, हे तुमी ठेवा. फाडवत नाही माह्यानं.” आणि माझ्या पाया पडली.

तोच कागद सोबत जोडते आहे. घामानं मऊ पडला आहे, पण तुमचं अक्षर अजून स्वच्छ लागतं: ‘कोकिळे, माझं चुकलं. दहा मार्चला मुंबईला उतरतो. दादांबरोबर धक्क्यावर ये, मला आधी तुझं तोंड पाहायचं आहे.’

मनकर्णा